चिंग लिंग फू आणि चुंग लिंग सू : एक चीनचा, एक न्यूयॉर्कचा

‘द प्रेस्टीज’ हा चित्रपट पाहिलेल्यांना त्यातला म्हातारा चिनी जादूगार आठवत असेल. कापडाखालून तो पाण्यानं भरलेलं माशांचं भांडं काढतो आणि खेळ संपल्यावर रस्त्यानंसुद्धा गलितगात्र माणसासारखा खुरडत चालतो. भांडं झग्याखाली पायांमध्ये धरायचं तर चाल तशीच हवी. ती चाल फक्त रंगमंचावर दिसली तर कुणालाही वास येईल, म्हणून या गृहस्थानं जन्मभर खुरडायचं ठरवलेलं. कल्पना झकास आहे. फक्त चित्रपटात या जादूगाराचं नाव चुंग लिंग सू आहे, आणि खरा चुंग लिंग सू चिनी नव्हताच. भांड्याचा खेळ ज्याच्यामुळे गाजला तो माणूस वेगळा, त्याचं नाव चिंग लिंग फू.

दिग्दर्शक नोलनला दोष देण्यात अर्थ नाही. ही दोन नावं एकमेकांत मिसळावीत अशी योजना १९०० सालीच झाली होती, आणि ती योजनाच इतकी पक्की होती की सव्वाशे वर्षांनंतरही लोक फसतात. जुन्या जादूगारांबद्दल कुठेही वाचायला घ्या, फूचा खेळ सूच्या खात्यावर आणि सूचं मरण फूच्या खात्यावर जमा झालेलं हमखास सापडतं.

आधी खरा चिनी माणूस. त्याचं मूळ नाव झू लियानकुई, जन्म १८५४चा. म्हणजे चिंग लिंग फू हेसुद्धा रंगमंचाचंच नाव, हे ध्यानात असू द्या. १८९८ साली अमेरिकेत ओमाहा इथे ट्रान्स-मिसिसिपी प्रदर्शन भरलं, त्यात तो आपल्या मंडळींसह आला आणि तिथून अमेरिकन व्हॉडव्हिल थिएटरांमध्ये पोहोचला. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात दहा प्रकार: गाणं, नाच, विनोदी नकला, कसरती आणि मध्ये एखादा जादूगार. तोपर्यंत अमेरिकन प्रेक्षकाला जादूगार म्हणजे काळा कोट, टोकदार दाढी, सोनेरी पायांची टेबलं आणि अखंड बडबड एवढंच माहीत. फूकडे यातलं काही नव्हतं. मोकळा रंगमंच, अंगात पायघोळ रेशमी झगा, हातात एक मोठं कापड. तो तोंडातून धूर आणि ठिणग्या काढायचा, मग त्याच तोंडातून कागदी फिती निघत राहायच्या, संपता संपायच्या नाहीत. आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते पाण्याचं भांडं.

हा खेळ कसा दिसायचा ते जरा नीट सांगतो. फू कापड हातात घ्यायचा, पुढून दाखवायचा, मागून दाखवायचा, झटकायचा. कुठे काही नाही. मग ते जमिनीवर अंथरायचा आणि मधोमध चिमटीत धरून उचलायचा. खाली काठोकाठ भरलेलं एक अजस्र भांडं, आणि कधी कधी पाठोपाठ एक लहान मूलसुद्धा. रंगमंचावर टेबल नाही, पेटी नाही. जमिनीत झडप असेल म्हणावं तर कापडाखाली सतरंजी. ज्या वस्तूला लपायला जागाच नाही ती आली कुठून, हा प्रश्न नुसत्या प्रेक्षकांना नाही, धंद्यातल्या जादूगारांनाही पडला. फूला याची पूर्ण जाणीव होती. हा खेळ करून दाखवील त्याला एक हजार डॉलर, असं त्यानं जाहीर केलं.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमेरिकेत तेव्हा चिनी मजुरांना येऊ न देण्याचा १८८२चा कायदा लागू होता. फूच्या मंडळींना प्रवेश मिळाला तो प्रदर्शनापुरता. ते संपल्यावर त्यांनी चालू लागावं अशी सरकारी अपेक्षा होती. हे लोक कलाकार आहेत, मजूर नव्हेत, हा युक्तिवाद चालला म्हणून त्यांना राहता आलं. देशभर ज्याच्या खेळाला गर्दी लोटते, त्याचं देशात असणंच कागदोपत्री वादात, अशी ती गंमत. फूची मुलगी ची टॉय ही त्याच रंगमंचावर अमेरिकन गाणी इंग्रजीत म्हणायची आणि लोक तिच्यावर खूश असायचे.

आता दुसरा. विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन, जन्म २ एप्रिल १८६१, न्यूयॉर्क राज्य. वडील स्वतः करमणुकीच्या धंद्यातले, त्यामुळे बाळकडू घरातच. पण हा मुलगा रमला पडद्यामागे. त्या काळात अमेरिकेत जादूची दोन मोठी घराणी म्हणावीत अशी होती, हॅरी केलर आणि अलेक्झांडर हर्मन, आणि रॉबिन्सन दोघांकडे राहिला. एकाकडून दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे. दोघांनाही तो हवा असायचा, कारण यंत्र बनवणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, दुसऱ्याचा खेळ एकदा पाहून त्याचं मर्म ओळखणं यात त्याचा हात धरणारा नव्हता. मृतात्मे पाटीवर लिहितात म्हणून जे प्रयोग तेव्हा फार चालत, त्यांच्या युक्त्या फोडणारं पुस्तकही त्यानं १८९८ साली लिहिलं.

कमी एकाच गोष्टीची होती. त्याला बोलता येत नसे. म्हणजे चारचौघांत येई, रंगमंचावर येत नसे. जादूगाराचं अर्धं काम जिभेवर चालतं. हात एकीकडे काही करत असताना जीभ माणसाला दुसरीकडे नेते, आणि रॉबिन्सनची जीभ तिथे अडायची. यावरचा उपाय त्यानं आधीच एकदा वापरून पाहिला होता: सोंग. १८८०च्या दशकात ‘अहमद बेन अली’ असं नाव घेऊन तो काळ्या पडद्यापुढचे खेळ करायचा. ती युक्तीसुद्धा बेन अली बे नावानं खेळ करणाऱ्या एका जर्मन कलाकाराची, आणि नावही त्याच वळणाचं. नक्कल करताना नावाची सावलीसुद्धा उचलायची, हा हिशेब पुढे जसाच्या तसा पुन्हा आला.

फूचा खेळ रॉबिन्सननं पाहिला आणि त्याला कळलं. भांडं येत कुठूनच नव्हतं, फूबरोबर ते आधीपासूनच रंगमंचावर होतं. झग्याच्या आत, दोन पायांच्या मधे, कमरेला आणि खांद्याला जखडलेल्या पट्ट्यांवर टांगलेलं. तोंडावर पाणी सांडू न देणारं झाकण. कापड अंथरण्यासाठी वाकायचं, त्या क्षणी ओझं जमिनीवर टेकवायचं, अडकवण सोडायची, झाकण कापडाबरोबर उचलायचं. ऐकायला सोपं. पण ते ओझं दोन पायांत घेऊन हसतमुखानं चालत येणं, कापड झटकणं, वाकणं, आणि या सगळ्यात एक थेंब सांडू न देणं, हे कसब आहे. गुपित कळलं म्हणजे खेळ जमला असं मुळीच नाही. रॉबिन्सननं तो जमवला आणि हजार डॉलरचं आव्हान स्वीकारतो म्हणून कळवलं. फूच्या बाजूनं त्याला दाद मिळाली नाही. पैज ही जाहिरात होती, पैसे वाटण्याचा फूचा विचार नसावा. रॉबिन्सनच्या मनाला ते लागलं असणार, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

१९०० साली पॅरिसच्या फोली बर्जेर थिएटरला एक चिनी जादूगार हवा होता. फूच्या यशाची वार्ता युरोपात पोहोचलेली आणि फू उपलब्ध नव्हता. रॉबिन्सन गेला. मिशी काढली, डोक्याचा पुढचा भाग तुळतुळीत केला, मागे लांब वेणी, चेहऱ्यावर पिवळट रंग, अंगात रेशमी झगा. पहिल्यांदा नाव होतं हॉप सिंग सू. पॅरिसहून लंडनला जाताना ते बदललं आणि पाटीवर आलं चुंग लिंग सू. चिंग लिंग फू, चुंग लिंग सू. घाईत पाटी वाचणाऱ्या लंडनकराला हा तोच अमेरिका गाजवलेला चिनी वाटावा, एवढाच त्यामागचा उद्देश.

आणि आता त्याला बोलायचं कारणच उरलं नाही! चिनी माणसाला इंग्रजी येणार कसं? वर्षानुवर्षं जे वैगुण्य होतं तेच भूमिकेचं वैशिष्ट्य झालं. मला हा भाग या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात हुशारीचा वाटतो. वेश कुणीही घातला असता. त्या लाटेत पुष्कळ गोऱ्या जादूगारांनी चिनी नावं घेतलीही होती, पण बहुतेकांचं सोंग पडद्याबरोबर उतरायचं.

रॉबिन्सनचं उतरत नसे. वार्ताहर भेटायला आले की तो चिनी वाटतील असे काहीतरी आवाज पुटपुटायचा आणि शेजारी बसलेला त्याचा दुभाषा ते गंभीरपणे इंग्रजीत सांगायचा. हा दुभाषा कामेतारो नावाचा जपानी कसरतपटू. म्हणजे अमेरिकन माणूस काहीबाही पुटपुटतोय, जपानी माणूस त्याचं ‘भाषांतर’ करतोय, आणि इंग्रज वार्ताहर ते टिपून घेतोय. खेळात सुई सीन नावाची नाजूक चिनी तरुणी असे. ती डॉट, त्याची अमेरिकन सहचारिणी आणि जुनी मदतनीस. लोकांना त्याच्या रूपाबद्दल शंका आलीच तर त्यासाठी एक चरित्रही तयार होतं: वडील स्कॉटिश मिशनरी, आई कँटनची, तेराव्या वर्षी पोरका, मग एका चिनी जादूगारानं सांभाळून विद्या दिली. सगळं बनावट, पण बेतशीर. घरातसुद्धा मामला सरळ नव्हता. पहिली बायको मागे अमेरिकेत टाकलेली, रंगमंचावर डॉट, आणि लंडनजवळ बार्न्सला दुसरीच एक स्त्री आणि तिच्यापासून झालेली तीन मुलं. या माणसाला एकच आयुष्य जगणं कधी मानवलं नसावं.

सू चिनी नाही हे धंद्यातल्या लोकांना ठाऊक होतं. आपल्याकडे गोगिया पाशा हे मूळचे पंजाबी, धनपतराय गोगिया, इजिप्शियन थाटात ‘गिली गिली’ करत जगभर हिंडले, तसाच हा प्रकार. आत सगळ्यांना माहीत, पण तिकीट काढून आलेल्याला ते सांगण्याची कुणाला गरज वाटत नसे.

मग १९०५चा जानेवारी उजाडला. फू लंडनला आला आणि लेस्टर स्क्वेअरच्या एम्पायर थिएटरात त्याचे खेळ लागले. चार पावलांवर हिप्पोड्रोममध्ये सू आधीच जोरात चालू. फूनं जाहीर केलं की सू चिनी नाहीच, तो आपली नक्कल करणारा अमेरिकन आहे. आणि पैज लावली एक हजार पौंडांची: माझ्या वीस खेळांपैकी दहा त्यानं करून दाखवावेत, किंवा त्याचा एखादा खेळ मला जमला नाही तर मी हरलो. ‘वीकली डिस्पॅच’ या वृत्तपत्राच्या कचेरीत ७ जानेवारीला सामना ठरला.

सू वेळेवर हजर झाला. थाटात, झग्यात, मंडळींसह. फू आलाच नाही. सूनं पत्रकारांपुढे खेळ करून दाखवले आणि निघून गेला. फूचं म्हणणं नंतर कळलं: हा चिनी आहे हे आधी सिद्ध करा, मग बघू. त्याच्या बाजूनं पाहिलं तर हे बरोबर होतं. त्याची तक्रार खेळांबद्दल नव्हतीच, ती माणसाबद्दल होती. पण पैज लावताना त्यानं स्वतःच खेळांची लावली होती, आणि खेळांमध्ये रॉबिन्सनला हरवणं कुणालाच सोपं नव्हतं. लोकांच्या लक्षात राहिलं एवढंच की एक आला आणि एक आला नाही. एम्पायरमधले फूचे खेळ चार आठवड्यांत आटोपले. खरा चिनी लंडनमध्ये तोतया ठरला आणि तोतया खरा.

यात नुसता वर्तमानपत्री डावपेच नव्हता असं मला वाटतं. दोघांचे खेळ शेजारी ठेवून पाहा. फूकडे मोकळा रंगमंच, मोजकी साधनं, कसरतीची जोड, घरचीच माणसं. त्याच्या देशात जादू जशी होत आली तशीच, फक्त थिएटरच्या मापाची केलेली. सूकडे ड्रॅगन, कंदील, धूप, भरजरी पडदे, वाफाळणारी कढई, आणि एका महाकाय शिंपल्यातून मोत्यासारखी प्रकटणारी सुई सीन. तो गळ टाकून प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या हवेतून जिवंत सोनमासे पकडायचा. धनुष्यातून सोडलेला बाण फितीसकट सुई सीनच्या अंगातून आरपार जाऊन पलीकडच्या लक्ष्यात रुतायचा. यातलं फारच थोडं चीनमधून आलेलं. हवेतल्या मासेमारीची कल्पना एका पाश्चात्त्य जादूगाराची. बाकीचं केलर आणि हर्मन यांच्या पडद्यामागे शिकलेलं तंत्र, रंग तेवढा चिनी. आणि इंग्रज प्रेक्षकाच्या डोक्यात जो चीन होता तो सूच्या रंगमंचावर फूपेक्षा कितीतरी जास्त होता. तिथे फूची काही मात्रा चालणारच नव्हती.

सूला नुसता चोर म्हणून मोकळं होणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. नाव आणि भांडं त्यानं उचललं, सोंग घेऊन ज्याचं होतं त्यालाच हरवलं, हे सगळं खरं. पण १९०० ते १९१८ या काळात त्यानं उभं केलेलं काम फूच्या नकलेच्या फार पुढे गेलं होतं. ऑस्ट्रेलियापर्यंत दौरे झाले. त्याची रंगीत शिळाछाप पोस्टर्स आज संग्राहक जीव टाकून जमवतात.

राहिलं मरण, आणि घोळ सगळ्यात जास्त इथेच होतो. गोळीनं मेला तो सू. खेळाचं नाव होतं ‘बॉक्सरांनी दिलेली देहदंडाची शिक्षा’. १९००च्या सुमाराला चीनमध्ये परकीयांविरुद्ध जो बॉक्सर उठाव झाला त्याचा हा संदर्भ. बॉक्सर बंडखोरांच्या वेशातले दोन मदतनीस सूवर बंदुका झाडायचे आणि तो चिनी मातीच्या बशीत गोळ्या झेलायचा. प्रेक्षकांनी गोळ्यांवर खुणा केलेल्या असत, बंदुका त्यांच्यासमोर भरल्या जात. खुणेच्या गोळ्या वाटेतच बदलल्या जायच्या, मूळ गोळ्या सूच्या हाती यायच्या आणि बशीत खणखणायच्या. मग बंदुकीत भरलेल्या दुसऱ्या गोळीचं काय?

तिथे रॉबिन्सनची कारागिरी होती. बंदुका ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजानं ठासायची. अशा बंदुकीत मुख्य नळीच्या खाली गज ठेवायची एक बारीक नळी असते. त्यानं चाप ओढल्यावरची ठिणगी मुख्य नळीत न जाता या खालच्या नळीत जाईल असा मार्ग वळवला होता, आणि तिथे आधीच नुसती दारू भरून ठेवलेली. बार व्हायचा, धूर व्हायचा, गोळी मात्र वरच्या नळीत जागच्या जागी बसून राहायची. खेळ संपल्यावर ती काढायची कशी? रॉबिन्सन नळीचा मागचा स्क्रू उघडून दारू आणि गोळी काढून घ्यायचा. रोजच्या या उघडझापीत आटे झिजत गेले आणि दोन नळ्यांमधल्या फटीत दारूची बारीक भुकटी साचत गेली.

२३ मार्च १९१८, शनिवार, लंडनमधलं वुड ग्रीन एम्पायर. महायुद्ध चालू होतं. जर्मनांनी पश्चिम आघाडीवर मोठा हल्ला चढवून दोनच दिवस झाले होते. रात्रीच्या दुसऱ्या खेळात बंदुका झडल्या आणि एका बंदुकीतून ठिणगी त्या फटीतून वर गेली. गोळी छातीत शिरली. सू इंग्रजीत बोलला: अरे देवा, काहीतरी झालंय, पडदा पाडा. लंडनच्या प्रेक्षकांनी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं इंग्रजी. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, तो गेला आणि चुंग लिंग सू हा न्यूयॉर्कचा बिल रॉबिन्सन होता हे सर्वसामान्य लोकांना वर्तमानपत्रांतून कळलं.

खून, आत्महत्या, अशा कंड्या पिकल्या आणि अजून पिकतात. दोन संसार म्हटल्यावर त्या पिकणारच. पण मृत्यूच्या चौकशीत डॉटनं सांगितलं की बंदुकांची सगळी तयारी तो स्वतः करायचा. शस्त्रतज्ज्ञ रॉबर्ट चर्चिल यानं बंदूक उघडून झिजलेले आटे आणि साचलेली दारू दाखवली. अपघात, असा निकाल लागला. तोच मला पटतो. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करून ज्यानं नाव मिळवलं, त्यानं स्वतःच्या यंत्राची झीज वेळीच पाहिली नाही.

फू त्याच्यानंतर चार वर्षं जगला. १९०५ च्या लंडननंतर तो संपला अशी समजूत दिसते, ती चुकीची आहे. १९१२ साली तो पुन्हा अमेरिकेत आला, तेव्हा ची टॉय मोठी झाली होती आणि रॅगटाइम ही तेव्हाची लोकप्रिय अमेरिकन ठेक्याची गाणी गाऊन टाळ्या घेत होती. हा दौराही चांगला चालला. १९२२ साली तो वारला, गोळीबिळी काही न लागता.

तेव्हा यापुढे कुठे जुना फोटो किंवा पोस्टर दिसलं तर साल आणि शहर पाहा. १८९८-९९ची अमेरिका असेल तर तो फूच, सू हे सोंग तेव्हा जन्मलंही नव्हतं, रॉबिन्सन हर्मनच्या मंडळीतून नुकता बाहेर पडत होता. इंग्लंडमधलं भडक रंगीत पोस्टर आणि त्यात सुई सीन असेल तर तो सू. भांडं दोघांकडेही होतं, त्यामुळे भांड्यावरून ओळखायला जाऊ नका.